पानगळीच्या दिवसांत कोणती रेड वाइन? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे अमेरिका आणि युरोपात राहणाऱ्या वाचकांची आहेत, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण पानगळीचा खरा ऋतू तिकडचा. पुण्याहून आलेले एक पत्र ऑक्टोबरच्या उकाड्यातून लिहिलेले आहे. त्याचे उत्तर अर्थातच वेगळे आहे.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. उन्हाळाभर व्हाइट आणि रोझे घेतल्यानंतर झाडांचे रंग बदलू लागले की रेड वाइन घ्यावीशी वाटते. दुकानांत मात्र कॅलिफोर्नियाची कॅबर्ने सॉव्हिन्यॉन पुढे मांडलेली असते आणि ती आम्हाला दोन घोटांनंतर जड वाटू लागते. पानगळीसाठी नेमके काय निवडावे?

उत्तर: पानगळ हा सबंध एकसारखा ऋतू आहे असे धरून निवड केली की अशी अडचण येते. सप्टेंबरच्या अखेरीस तुमच्याकडे संध्याकाळी अंगणात बसता येते, तर नोव्हेंबरच्या मध्यास घरातील हीटिंग सुरू झालेले असते. या दोन संध्याकाळींना एकच बाटली शोभणे अवघड आहे. म्हणून महिन्याचे नाव बाजूला ठेवून त्या संध्याकाळी बाहेर किती गारवा आहे आणि ताटात काय वाढले जाणार आहे, या दोनच गोष्टी पाहाव्यात, असा माझा आग्रह असतो.

तुम्हाला जो जडपणा जाणवतो त्याची कारणे साधी आहेत. कॅबर्ने सॉव्हिन्यॉनच्या द्राक्षाची साल जाड असते आणि टॅनिन प्रामुख्याने साल व बिया यांतूनच वाइनमध्ये उतरते. हे टॅनिन लाळेतील प्रथिनांना पकडते आणि त्यामुळे सुपारी चघळल्यावर तोंड जसे कोरडे पडते तसे पडते. त्यात कॅलिफोर्नियाच्या उन्हात द्राक्षे पुरेपूर पिकतात, त्यांतील साखर वाढते आणि ती आंबल्यावर मद्यार्काचे प्रमाण पुष्कळदा १४.५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याच्याही वर जाते. चरबीयुक्त भाजलेल्या मांसाबरोबर ही वाइन उत्तम लागते; नुसत्या गप्पांबरोबर किंवा वरण, भात आणि भाजीच्या जेवणाबरोबर ती जिभेवर बसून राहते. पानगळीच्या पहिल्या महिन्यात याच्या उलट गुण हवे असतात: टॅनिन बेताचे, आम्लता चांगली आणि मद्यार्क १२.५ ते १३.५ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा लेबलवर छापलेला असतोच, आणि दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा तो अधिक खरे बोलतो, असे माझे मत आहे.

या वर्णनात बसणारी पहिली वाइन म्हणजे फ्रान्समधील बोजोले भागातील गामे द्राक्षाची. त्या भागात ज्यांना ‘क्रू’ म्हणतात अशी १० गावे व टेकड्या आहेत आणि त्यांची नावे बाटलीवर थेट छापलेली असतात. त्यांपैकी फ्लरी नाजूक व सुवासिक, तर मॉर्गाँ आणि मूलँ-आ-व्हाँ थोड्या भरीव असतात. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १३९५ साली आपल्या मुलखातून गामेची हकालपट्टी करण्याचा हुकूम काढला होता, आणि त्या अप्रतिष्ठेचा फायदा असा की शेजारच्या बर्गंडीच्या तुलनेत या बाटल्या आजही पुष्कळ स्वस्त मिळतात. दुसरा पर्याय लवार नदीच्या खोऱ्यातील शिनाँ आणि बुर्गई येथील कॅबर्ने फ्राँचा. तिला हिरव्या मिरचीच्या पानासारखा किंचित ओला वास असतो, जो सर्वांना रुचत नाही, पण मला पानगळीला तो फार जवळचा वाटतो. याच द्राक्षाच्या वाइन तुमच्या जवळच, न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड आणि फिंगर लेक्स या भागांतही होतात. त्या आवर्जून चाखाव्यात. बर्गंडीच्या रेड वाइनचे द्राक्ष म्हणजे पिनो न्वार; त्याची वाइन हवी असेल तर ओरेगनच्या विलामेट खोऱ्याकडे वळावे, कारण बर्गंडीची चांगली बाटली आता नेहमीच्या जेवणासाठी परवडण्यासारखी राहिलेली नाही.

नोव्हेंबरात गारठा वाढला की थोडी अधिक घनता सोसवते. अशा वेळी रोन खोऱ्याच्या उत्तर भागातील सिरा, म्हणजे सँ-जोसेफ किंवा क्रोझ-एर्मिताज या नावांच्या बाटल्या पाहाव्यात. या वाइनमध्ये काळ्या मिरीचा जो वास येतो तो केवळ भास नसतो. रोटंडोन नावाचे जे संयुग मिरीला तिचा वास देते तेच या द्राक्षाच्या सालीत असते, आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ते २००८ साली शिराझच्या, म्हणजे तिकडे याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिराच्या, अभ्यासातून दाखवून दिले. गार हवेतील बागांत ते अधिक तयार होते. गंमत अशी की काही माणसांना हा वास मुळीच जाणवत नाही, त्यामुळे एकाच टेबलावर यावरून वाद झाला तर दोघेही खरे असू शकतात. स्पेनमधील रिओहाची ‘रेसेर्व्हा’ हाही भरवशाचा पर्याय आहे. ती बाजारात येण्यापूर्वी नियमाने किमान ३ वर्षे मुरलेली असते आणि त्यांपैकी किमान १ वर्ष ओकच्या पिंपात गेलेले असते; म्हणजे बाटली साठवून ठेवण्याचे तुमचे काम उत्पादकानेच केलेले असते.

प्रश्न: नोव्हेंबरात दुकानांबाहेर ‘बोजोले नूव्हो आली’ अशा पाट्या लागतात. ही वाइन खरोखर चांगली असते, की केवळ गाजावाजा?

उत्तर: दोन्ही. १९८५ पासून ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर एकाच दिवशी विक्रीला येते. त्यापूर्वी १५ नोव्हेंबर ही तारीख ठरलेली होती, पण ती शनिवार-रविवारी आली की वाहतुकीची पंचाईत होत असे. सप्टेंबरात तोडलेली द्राक्षे अवघ्या दोन-अडीच महिन्यांत बाटलीतून तुमच्यापुढे येतात. हे साधण्यासाठी द्राक्षांचे घड न चिरडता बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात ठेवतात, त्यामुळे आंबण्याची क्रिया मण्याच्या आतच सुरू होते, रंग आणि फळाचा वास उतरतो, पण टॅनिन फारसे उतरत नाही. केळे किंवा रासबेरीच्या गोळीसारखा जो वास येतो तो याच पद्धतीमुळे.

तिच्याकडून खोलीची अपेक्षा ठेवू नये. ती थंड करून, मित्रमंडळींत, आल्या आल्या प्यावी आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवू नये. ‘बोजोले-व्हिलाज नूव्हो’ असे लेबल असेल तर त्याच प्रकारातील थोडी बरी वाइन मिळते. त्याच महिन्यात तिसऱ्या रविवारी बर्गंडीतील बोन या गावी १८५९ पासून चालत आलेला ओस्पिस द बोनचा धर्मादाय लिलाव होतो आणि तेथे पिंपेच्या पिंपे विकली जातात. एकाच आठवड्यात, मोटारीने तासाभराच्या अंतरावर, वाइनची ही दोन टोके दिसतात.

प्रश्न: आमच्या घरी शाकाहारी महाराष्ट्रीय स्वयंपाक असतो. वाइनच्या सगळ्या सूचना गोमांस आणि बदक यांच्याभोवती फिरतात. भरली वांगी, भोपळा, मशरूम, काळा मसाला यांच्याबरोबर रेड वाइन जुळते का? — एक वाचक, टोरांटो

उत्तर: जुळते, पण निवड पदार्थाच्या नावावरून न करता त्यातील चार चवींवरून करावी लागते: तिखट, आंबट, गोड आणि तेलकट. तिखट हा सर्वांत अवघड भाग. मिरचीतील कॅप्सेसिनमुळे होणारी आग मद्यार्काने वाढते, आणि आधीच हुळहुळलेल्या जिभेला टॅनिन अधिकच खरखरीत लागते. म्हणून १५ टक्क्यांची, ओकच्या नव्या पिंपात मुरलेली महागडी वाइन झणझणीत रश्श्याबरोबर उघडणे म्हणजे दोन्ही वाया घालवणे. तांबड्या रश्श्याच्या जातीचे काही असेल तर बोजोले-व्हिलाजसारखी हलकी वाइन थोडी गार करून घ्यावी, किंवा त्या दिवशी वाइन नकोच, असे ठरवावे. याला मी रसिकतेचा अभाव मानत नाही.

आंबटाचा नियम उलटा चालतो. पदार्थ आंबट असेल तर वाइनमधील आंबटपणा जिभेला कमी जाणवतो, आणि वाइनमध्ये आधीच आम्लता कमी असेल तर ती अगदीच सपक लागते. चिंच, कोकम किंवा टोमॅटो असलेल्या भाजीबरोबर म्हणूनच इटलीतील बार्बेरा उत्तम जमते: तिच्यात आम्लता भरपूर आणि टॅनिन अगदी थोडे असते. गूळ हा आपल्या स्वयंपाकातील खरा खोडा आहे. पदार्थ गोड असेल तर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन अधिक आंबट आणि कडू भासते, त्यामुळे आमटीत किंवा भरल्या वांग्यात गुळाचा हात सैल असेल तर पिकल्या फळाचा वास असलेली वाइन घ्यावी; दक्षिण इटलीतील प्रिमितिव्हो येथे कामास येते. जनुकीय तपासणीतून ती आणि अमेरिकेतील झिनफंडेल हे एकच द्राक्ष असल्याचे सिद्ध झाले आहे आणि त्याचे मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावर आहे. तिच्यात मद्यार्क बरेचदा जास्त असतो, म्हणून वांग्यांत तिखट बेताचेच असावे.

दाण्याचे कूट, तीळ आणि सुके खोबरे यांचे तेल ही मात्र आपली जमेची बाजू आहे. मांसाच्या चरबीइतके नव्हे, तरी हे तेल जिभेवर थर धरते आणि टॅनिनची धार बोथट करते. काळ्या किंवा गोड्या मसाल्यातील दगडफूल, लवंग आणि दालचिनी यांचा भाजका वास आणि ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनचा वास एकमेकांना ओळखतात. रिओहाची रेसेर्व्हा काळ्या वाटाण्याच्या आमटीबरोबर घेऊन पाहावी. मशरूम लोण्यावर परतून केले असतील तर पिनो न्वारला तोड नाही. टोरांटोत ऑक्टोबरभर जो केशरी भोपळा मिळतो तो भाजून, वर थोडी मिरपूड घालून केला तर सँ-जोसेफ जुळते. पण तुम्ही त्याचे घारगे करणार असाल तर रेड वाइनचा विचार सोडून चहा ठेवावा.

प्रश्न: दिवाळीच्या फराळाबरोबर पाहुण्यांना रेड वाइन द्यावी का? — लंडन

उत्तर: लाडू, करंजी, अनारसे यांच्याबरोबर देऊ नये, वर सांगितलेल्या कारणाने वाइन कडवट लागेल. चकली, शेव आणि चिवडा यांच्याबरोबर मात्र इटलीतील एमिलिया-रोमान्या भागातील लाम्ब्रुस्को द्यावी. ही लाल रंगाची, फसफसणारी आणि चांगली थंड करून घ्यायची वाइन आहे. तिचे बुडबुडे आणि आम्लता तळलेल्याचा तेलकटपणा धुऊन काढतात आणि मद्यार्कही तुलनेने कमी असतो. लेबलवर ‘सेक्को’ असेल तर ती कोरडी आणि ‘आमाबिले’ असेल तर गोडसर; चिवड्यात साखर घालण्याची तुमच्या घरी पद्धत असेल तर दुसरी घ्यावी. तिच्याकडे नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांनी बहुधा ती चकलीबरोबर घेतलेली नसते.

प्रश्न: पुण्यात ऑक्टोबरमध्ये दुपारी अंगाची लाही होते. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ घ्यावी असे सगळीकडे वाचतो, पण ती कोमट आणि उग्र लागते. शिवाय नाशिकची नवी वाइन पानगळीतच येते का?

उत्तर: खोलीच्या तापमानाचा तो सल्ला युरोपातील जुन्या, दगडी भिंतींच्या घरांतून आलेला आहे, जिथे खोली म्हणजे १६ ते १८ अंश सेल्सिअस. तुमच्या खोलीत ऑक्टोबरमध्ये २८-३० अंश असतात. इतक्या उष्णतेत मद्यार्काची वाफ अधिक होते, ती फळाच्या वासाच्या आधी नाकाला भिडते आणि वाइन उग्र वाटते. म्हणून बाटली वाढण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि पेल्यात थोडी थोडीच ओतावी, कारण पेल्यात ती लवकर तापते. हलकी रेड १२ ते १४ अंशांपर्यंत गार केली तरी चालते. टॅनिन जास्त असलेली मात्र फार थंड करू नये, कारण थंडीत तुरटपणा अधिक टोचतो. दुकानात बाटली उन्हाच्या तिरिपेत उभी दिसली तर ती घेऊ नये, आणि घरी ती माळ्यावर ठेवू नये. घरात सर्वांत उष्ण जागा तीच असते.

नाशिकबद्दलचा तुमचा समज स्वाभाविक आहे, पण वस्तुस्थिती उलट आहे. युरोपात पानगळ म्हणजे तोडणीचा हंगाम, तर नाशिकमध्ये त्याच सुमारास छाटणी चालू असते. आपल्या हवेत वेल हिवाळ्यात झोपी जात नाही, त्यामुळे बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करून त्याचे चक्र आपल्या हाती ठेवतात: उन्हाळ्यात एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. फळ येते ते या दुसऱ्या छाटणीनंतर, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात होते. म्हणजे ऑक्टोबरमध्ये तुम्ही नाशिकची जी ताजी रेड घेता तिची द्राक्षे किमान सहा-सात महिन्यांपूर्वी तोडलेली असतात. बोजोले नूव्होच्या तोडीची घाई येथे या ऋतूत संभवतच नाही.

निवडीपुरते बोलायचे तर ऑक्टोबरच्या उकाड्यात नाशिकची झिनफंडेल किंवा साधी शिराझ थोडी गार करून घ्यावी, आणि दिवाळीनंतर हवा पालटली की शिराझच्या ‘रिझर्व्ह’ बाटल्यांकडे वळावे. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजजवळ पिकणाऱ्या सांजोव्हेसेकडेही लक्ष द्यावे. हे टस्कनीचे द्राक्ष आहे, कियान्ती क्लासिको या वाइनमध्ये त्याचे प्रमाण किमान ८० टक्के असावे लागते, आणि त्याची आम्लता आपल्या टोमॅटो-कांद्याच्या स्वयंपाकाला मानवते. एक व्यावहारिक सूचना: २ ऑक्टोबर हा महाराष्ट्रात ड्राय डे असतो, तेव्हा त्या आठवड्याचा बेत असेल तर खरेदी आधी उरकावी.

प्रश्न: आम्ही दोघे ऑक्टोबरच्या शेवटी इटलीतील पिएमाँतेला जाणार आहोत. बारोलोबद्दल खूप ऐकले आहे. काय चाखावे, कुठे जावे? आमच्यापैकी एकजण शाकाहारी आहे.

उत्तर: पानगळ आणि रेड वाइन यांची जोडी पाहण्यासाठी याहून योग्य जागा मला सुचवता येणार नाही. आल्बा हे गाव मुक्कामाला धरावे. त्याच्या एका बाजूस बारोलोच्या टेकड्या आहेत, दुसऱ्या बाजूस बार्बारेस्कोच्या. लांगे, रोएरो आणि मोनफेर्रातो या परिसरातील द्राक्षबागांच्या भूभागाला युनेस्कोने २०१४ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे. ऑक्टोबरात सकाळी दऱ्या धुक्याने भरलेल्या असतात. या भागात द्राक्षे क्रमाने पिकतात: आधी दोल्चेत्तो, मग बार्बेरा आणि सर्वांत शेवटी नेबियोलो. महिना संपत आला की बहुतेक नेबियोलोही तोडून झालेली असते आणि उत्पादकाला पाहुण्यांशी बोलायला थोडी फुरसत मिळते. तरीही वायनरीत जाण्यापूर्वी वेळ ठरवून घ्यावी. अनेक वायनरी घरगुती आहेत आणि दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आत घेतीलच असे नाही.

बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही संपूर्णपणे नेबियोलोच्या असतात. त्यांचा रंग पाहून फसू नये: तो फिकट, विटकरीकडे झुकणारा असतो, पण टॅनिन आणि आम्लता दोन्ही जबर असतात. बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते आणि त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. बार्बारेस्कोला हेच प्रमाण २६ आणि ९ महिन्यांचे आहे. एवढे मुरूनही तरुण बारोलो पहिल्या भेटीत मिटलेली वाटते. म्हणून पहिल्याच संध्याकाळी ती मागवू नये. पहिल्या दिवशी बार्बेरा द’आल्बा घ्यावी, दुसऱ्या दिवशी ‘लांगे नेबियोलो’, जी त्याच द्राक्षाची पण लवकर पिण्याजोगी आणि पुष्कळ स्वस्त असते, आणि जीभ रुळल्यावर बार्बारेस्को व बारोलो. शक्य असेल तर ला मोर्रा आणि सेर्रालुंगा या दोन गावांच्या बारोलो शेजारी ठेवून चाखाव्यात. पहिली तुलनेने मऊ आणि सुवासिक, दुसरी कणखर. अंतर मोजके, पण माती वेगळी.

बारोलो गावातील किल्ल्यात आणि बार्बारेस्को गावातील एका जुन्या चर्चमध्ये प्रादेशिक एनोतेका आहेत, जिथे अनेक उत्पादकांच्या वाइन पेल्याच्या हिशेबाने चाखता येतात. बार्बारेस्कोतच ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही सहकारी संस्था आहे. गावच्या धर्मगुरूने १९५८ साली १९ शेतकऱ्यांना एकत्र करून ती उभी केली, आणि आज त्या भागातील सर्वांत विश्वासार्ह वाइनांमध्ये तिचे नाव घेतले जाते. सहकाराचे चढउतार जवळून पाहिलेल्या मराठी माणसाने ही संस्था चुकवू नये.

जेवणाच्या बाबतीत शाकाहाऱ्याची तेथे आबाळ होत नाही, पण विचारून घ्यावे लागते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आल्बात पांढऱ्या ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या एका सुवासिक बुरशीची, जत्रा भरते. लोण्यात घोळलेल्या तायारीन नावाच्या बारीक शेवयांवर तो किसून देतात. या शेवयांत अंड्यातील बलक भरपूर असतो, हे ध्यानात ठेवावे. फोंदुता हा चीजचा पदार्थ आहे, त्यातही बहुधा बलक असतो. ‘बान्या काउदा’ म्हणजे भाज्यांबरोबर येणारे लसणाचे गरम तेल, आणि ते निर्धोक वाटले तरी त्यात अँचोव्ही मासे विरघळवलेले असतात. शेवटची सूचना मोटारीबद्दल: इटलीत वाहन चालवताना रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि टेकड्यांतील रस्ते वळणांचे आहेत, तेव्हा चाखण्याच्या दिवशी टॅक्सी ठरवावी, किंवा दोघांपैकी एकाने घोट चाखून थुंकण्याची रीत निःसंकोच पाळावी. तेथे ती असभ्य समजत नाहीत.

प्रश्न: दोघांत एक बाटली संपत नाही. उरलेली रेड वाइन किती दिवस टिकते?

उत्तर: बूच घट्ट बसवून लगेच फ्रिजमध्ये ठेवली तर हलकी रेड दोन दिवस आणि टॅनिन अधिक असलेली तीन-चार दिवस बरी राहते. हवेशी संपर्क जितका कमी तितके चांगले, म्हणून बाटली उघडताक्षणीच निम्मी वाइन एखाद्या स्वच्छ छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून बंद करावी. हा उपाय बाटलीतील हवा काढण्यासाठी विकत मिळणाऱ्या बहुतेक पंपांपेक्षा सरस आहे. पिण्यापूर्वी ती अर्धा तास बाहेर काढून ठेवावी. जुन्या, पुष्कळ वर्षे मुरलेल्या बाटलीला मात्र यापैकी काहीच लागू नाही. ती उघडली त्याच संध्याकाळी संपवावी, आणि त्यासाठी शेजाऱ्यांना बोलवावे लागले तरी बोलवावे.